मऊ पडलेल्या सफरचंदांचा सॉस

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सफरचंदं स्वस्त दिसली की जरा जास्तच घेतली जातात आणि मग आपल्या दमट हवेत ती मऊ पडतात, मुलं हात लावत नाहीत. टाकू नका, सॉस करा. किलोभर सफरचंदांची सालं-बिया काढून फोडी करा, लगेच अर्धं लिंबू पिळा म्हणजे काळ्या पडत नाहीत, मग जाड बुडाच्या टोपात अर्धा कप पाणी आणि दालचिनीचा तुकडा घालून झाकण ठेवून मंद गॅसवर १५-२० मिनिटं शिजवा, मधेमधे ढवळा नाहीतर खाली लागतं. कुकर नकोच हां, गर फसफसून वर येतो आणि शिटीत अडकतो. फोड डावाने दाबली की मोडली पाहिजे, मग दालचिनी काढून रवीने घोटा. मिक्सरमध्ये एकदम गुळगुळीत होतं, मला थोडं भरडच आवडतं. साखर चाखून बघूनच घाला, गोड सफरचंदांना लागतच नाही, माडाचा गूळ मस्त लागतो पण रंग काळपट येतो. गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात टिकतो. गरम उंड्याला, म्हणजे आपल्या गोव्याच्या गोल पावाला, लावून खाऊन बघा!