पीसीएमबी घेण्याआधी एकदा वाचा: मेडिकल की इंजिनिअरिंग?

दहावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये कॉलेज रोडला क्लासेसचे फलक झळकतात आणि घरोघरी एकच सल्ला फिरतो: "ठरत नाहीये ना? मग पीसीएमबी घे. दोन्ही ग्रुप ठेव, पुढचं पुढे बघू." म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी, चारही विषय: इंजिनिअरिंगचा पीसीएम ग्रुपही आणि मेडिकलचा पीसीबीही. आमच्याकडे काका म्हणाले, शेजारचे सर म्हणाले, अ‍ॅडमिशन घेताना क्लासवाल्यांनीही तेच सांगितलं. आता मी इथेच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तरी मे महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा दिवस जवळ आला की अजून पोटात गोळा येतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नीट मेडिकलची, जेईई देशपातळीवरची इंजिनिअरिंगची आणि सीईटी आपल्या राज्याची प्रवेश परीक्षा, हे तुम्हाला माहीत आहेच. पण "फिजिक्स, केमिस्ट्री तर कॉमनच आहे, फक्त एक विषय जास्त" हे जे सांगतात ना, ते चूक आहे, आणि पोरं अडकतात ती इथेच. विषयाचं नाव एक असलं तरी अभ्यास एक नसतो.

नीटमध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, त्यातच ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोळे भरायचे. ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीचे. एनसीईआरटीच्या पुस्तकाची ओळ न ओळ, आकृतीखालची टीपसुद्धा, डोळ्यासमोर यायला हवी. जेईई मेनमध्ये तेवढ्याच तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे जवळजवळ अडीच मिनिटं. तिथे थांबून, दोन-तीन संकल्पना जोडून, कॅल्क्युलस वापरून गणित सोडवायचं. एमएचटी-सीईटीची तऱ्हा तिसरी: दीड तासात फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न, पुढच्या दीड तासात मॅथ्सचे ५०, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. रोटेशनल मोशनचा धडा तिन्हीकडे आहे. पण एकीकडे सूत्र आठवून झटकन उत्तर काढायचं, दुसरीकडे त्याच धड्याशी पंधरा मिनिटं झुंजायची सवय लावायची. आज ही सवय, उद्या ती, असं करत राहिलात तर दोन्ही कच्च्या राहतात.

आता वेळापत्रक मांडून बघा. जानेवारीत जेईईचं पहिलं सत्र. त्याच सुमारास कॉलेजची प्रॅक्टिकल्स आणि जर्नलच्या सह्या. फेब्रुवारी-मार्च बोर्ड. एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र. मग सीईटीचे दोन्ही ग्रुप, पीसीबी वेगळा, पीसीएम वेगळा. आणि मेच्या सुरुवातीला नीट. बायोलॉजीची उजळणी नेमकी ज्या आठवड्यांत हवी, त्याच आठवड्यांत तुम्ही इंटिग्रेशन घोटत असता. दोन्ही निभावणारी मुलं असतात. फलकावर फोटो त्यांचेच लागतात. त्यांच्याकडे बघून आपलं ठरवू नका.

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. पीसीएमबीत निर्णय घ्यायचा राहून जातो आणि शेवटी तो मार्क घेतात. नीटला कमी पडले म्हणून इंजिनिअरिंग, सीईटीला पर्सेंटाइल आला नाही म्हणून बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, बघू. बीएएमएस उत्तम कोर्स आहे, पण मनापासून घेणाऱ्यासाठी. उरलंसुरलं म्हणून आलेली मुलं पहिल्याच वर्षी कोमेजतात, मी जवळून पाहिलंय.

आणि "दार बंद होईल" ही भीती वाटते तेवढी खरी राहिलेली नाही. नीटला वयाची वरची अट नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही नीट देऊ शकतो. फार्मसीला पीसीबी चालतं, पीसीएमही चालतं. घाबरून दोन वर्षं दोन्ही ओझी उचलण्याची गरज नाही, खरंच नाही.

मग ठरवायचं कसं? अकरावीची दिवाळी ही मर्यादा ठेवा. तोपर्यंत एक महिना एनसीईआरटी बायोलॉजी आणि एक महिना मॅथ्स, दोन्ही प्रामाणिकपणे करा. मार्क बघू नका. थकल्यावरही कोणत्या पुस्तकाकडे परत जावंसं वाटतं, ते बघा. ओळखीच्या डॉक्टरांना विचारून त्यांच्या ओपीडीत एक सकाळ बसा. सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरच्या रांगेजवळ नुसते उभे राहिलात तरी कळेल की हे काम पांढऱ्या कोटाचं कमी आणि माणसांचं जास्त आहे. तसंच एखाद्या प्रोग्रामर दादा-ताईच्या शेजारी बसा. एक चूक शोधण्यात अख्खी दुपार जाते, आणि ती सापडल्यावर त्यांचा चेहरा उजळतो. तुमचाही उजळेल का?

वर्षांचा हिशेब आईबाबांसोबत कागदावर करा. एमबीबीएस साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, शासकीय कॉलेज असेल तर वर्षभर बंधपत्रित सेवा, पुढे एमडी-एमएसची तीन वर्षं. शासकीय आणि खासगी फीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, म्हणून "आडगावच्या खासगी कॉलेजला मिळालं तरी चालेल" म्हणण्याआधी घरात पैशांचं बोला. इंजिनिअरिंग चार वर्षांत संपतं, पण तिथे पदवी पुरत नाही. शिकलेली गोष्ट काही वर्षांत जुनी होते आणि नवीन स्वतःच शिकावी लागते. शिवाय नाशिकमध्ये सातपूर-अंबडला कारखाने आहेत, पण सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आमच्या बॅचचे बहुतेक जण पुण्याची वाट धरतात. डॉक्टर मात्र निफाडला, येवल्याला, आपल्या गावात परत येऊन बसू शकतो. कोणाला हे महत्त्वाचं वाटेल, कोणाला नाही. पण विचारात घ्या.

मेंटॉरबद्दल माझं ठाम मत आहे: ज्याच्याकडे विकायला बॅच आहे, त्याला करिअरचा सल्ला विचारू नका. शिकवणं उत्तम असेल, शिका. सल्ला मात्र तुमच्याहून तीन-चार वर्षं पुढे असलेल्याला विचारा, आणि त्यातही ज्याला हवं ते मिळालं नाही अशा एकाला तरी. बोर्डानंतरच्या क्रॅश कोर्सवर भिस्त ठेवू नका. ज्याचं आधीच झालंय, त्याच्यासाठी ती उजळणी आहे, बाकीच्यांसाठी नुसती धावपळ.

हे वाचताना तुम्ही बारावीत असाल आणि चारही विषय गळ्यात असतील, तर घाबरू नका, काही बुडालेलं नाही. विषय सोडायची गरज नाही. दोनपैकी एकाला बोर्डापुरता ठेवा, तोही पात्रतेइतका: खुल्या प्रवर्गात एमबीबीएससाठी पीसीबीत ५० टक्के, इंजिनिअरिंगसाठी पीसीएममध्ये ४५ टक्के, आणि राखीव प्रवर्गाला दोन्हीकडे ४०. त्या विषयाची टेस्ट सिरीज बंद करा, त्याचे क्लासचे तास दुसऱ्याला द्या. घरच्यांना हे आजच रात्री जेवताना सांगा, निकालाच्या दिवशी नको.