बहिष्कार घालण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचा

जाहिरातीतला चेहरा किंवा कंपनीचा मालक संतापजनक काही बोलतो आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर 'यांचं काही घेऊ नका' फिरू लागतं. राग खरा असतो. तो लागू पडावा असं वाटत असेल तर आधी पाहा: बोलणारा मानधनावरचा चेहरा आहे की मालक?

चेहरा असेल तर बहिष्काराला अर्थ आहे. त्याचा करार मुदतीचा असतो, तो न वाढवणं कंपनीच्या हातात असतं. आमिर खानच्या नोव्हेंबर २०१५ मधल्या वक्तव्यावरून लोकांनी, तो ज्या ऑनलाइन दुकानाचा चेहरा होता त्या स्नॅपडीलचं ॲप काढून टाकलं. २०१६ च्या सुरुवातीला कंपनीने त्याचा करार वाढवला नाही. ते वक्तव्य आक्षेपार्ह होतं का, हा वाद वेगळा. दाब कुठे बसतो ते यात दिसतं.

मालकाचं गणित निराळं. 'पापा जॉन्स' या अमेरिकन पिझ्झा कंपनीचा संस्थापक जॉन श्नॅटर याने २०१८ मध्ये वंशद्वेषी शब्द वापरला. अध्यक्षपद गेलं, जाहिरातींतून चेहरा गेला. जवळपास ३० टक्के शेअर मात्र तेव्हा त्याच्याकडेच राहिले. म्हणून शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर बीएसईच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला येणारी भागधारणा (कुणाकडे किती शेअर) उघडा आणि 'प्रवर्तक' म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्यांच्या ओळीतला टक्का बघा. समजा, १०० रुपयांच्या पाकिटावर कंपनीला १० रुपये नफा उरला आणि मालकाचा वाटा ३० टक्के, तर त्याच्या वाट्याला फार तर ३ रुपये. तेही द्यायचे नसतील तर जरूर देऊ नका, तो तुमचा हक्क आहे. पण एवढ्याने तो बदलेल अशी आशा धरू नका.

आता पाकीट उलटं करा. उत्पादक, पॅकिंग करणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीचं नाव, तक्रारीसाठीचा फोन आणि ईमेल तिथे छापणं बंधनकारक आहे. नाव न वाचता घाई केली की काय होतं ते मार्च २०१९ मध्ये दिसलं: सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर चिडलेल्या कित्येकांनी मायक्रोसॉफ्ट एक्सेल ॲपला एक-एक स्टार दिला. दुसरी चूक घरात होते. सर्फ बंद करून रिन किंवा व्हील आणलं, तर पैसे त्याच हिंदुस्तान युनिलिव्हरकडे जातात.

मग किराणावाला. इंदूरच्या राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरातल्या दुकानदाराने सियागंजच्या घाऊक बाजारातून किंवा एजन्सीकडून माल पैसे मोजून उचललेला असतो. शेल्फवरचं पाकीट परत ढकललंत तर नुकसान त्याचं होतं. एका घराचं बंद होणं कुणाच्या हिशेबात दिसतही नाही; पण बिल्डिंगमधल्या ४० घरांनी महिन्याला एक-एक किलो पावडर घेणं थांबवलं तर ४० किलो होतात. हे आधी सांगा: "भाऊ, आहे तो माल संपवू, पुढच्या ऑर्डरीत हा धरू नका." सेल्समन ऑर्डर घ्यायला येतो तेव्हा कमी झालेला आकडा त्याच्या वहीत जातो, आणि कारण विचारलं तर दुकानदाराला सांगता येतं.

त्याच आठवड्यात कंपनीला ईमेल करा. त्यात तीनच गोष्टी हव्यात: कोण, कोणत्या तारखेला, नेमकं काय बोलला (शब्दशः); किती घरांनी काय बंद केलं; आणि कंपनीने काय केलं की पुन्हा घेऊ. 'माफी मागा' ही मागणी ढिली असते, दोन ओळींची माफी लगेच येते. 'या जाहिराती ३ महिन्यांत थांबवा' ही मागणी तपासता येते. व्हिडिओ कापलेला नाही ना, हे पूर्ण बघून घ्या. ग्रुपवर 'चोर', 'देशद्रोही' असली विशेषणं टाळा; बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे.

काउंटरवरच्या मुलामुलींना धमकावायचं नाही, हे ग्रुपवर पहिल्याच दिवशी लिहून टाका. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने जाहिरात मागे घेताना आपल्या कर्मचाऱ्यांच्या आणि दुकानांतल्या माणसांच्या काळजीचं कारण दिलं होतं. भीती पगारी माणसाने सोसायची आणि बोलणारा नामानिराळा, हे कुठल्याच रागाने योग्य ठरत नाही.

मागणी मान्य झाली तर दुकानदाराला त्याच दिवशी कळवा, म्हणजे पुढच्या ऑर्डरीत तो माल पुन्हा धरता येईल.