जुनी ब्रुनेल्लो उघडताना

ब्रुनेल्लो म्हणजे इटलीतली, वर्षानुवर्षं मुरवायची लाल वाइन. पहिली जुनी ब्रुनेल्लो मी चक्क वाया घालवली. फ्लॉरेन्समधला जून, भट्टीसारखं तापलेलं आमचं स्वयंपाकघर, आणि फडताळातली बाटली थेट ग्लासात. नाकाला दारूचा भपकारा, दातांत गाळ. गेल्या डिसेंबरात ब्योंदी-सांती या घराण्याची २००६ सालची उघडली, तेव्हा मात्र घाई केली नाही.

ही वाइन तोस्काना प्रांतातल्या मोंताल्चिनो गावाजवळच्या तेनूता ग्रेप्पो या मळ्यातली. या घराण्याची पहिली ब्रुनेल्लो रिझेर्व्हा, म्हणजे जास्त काळ मुरवलेली खास वाइन, १८८८ची. द्राक्ष एकच, साँजोवेसे.

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, गाळ तळाशी बसतो. १८ अंशांच्या आसपास प्यायची; घर गरम असेल तर आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा.

खरी परीक्षा बुचाची. जुनं बूच स्क्रूने मध्येच तुटतं. दोन पात्यांचं ओपनर मिळतं, त्याची पाती बुचाच्या कडेने आलटूनपालटून दाबत खाली न्यायची आणि फिरवत फिरवत वर ओढायचं. तुटलंच तर गाळणी आहे. (चहाची नको! आमच्याकडे एकदा वाइनला वेलदोड्याचा वास आला होता.)

मोठ्या भांड्यात ओतून हवा देणं मी टाळते. एवढ्या जुन्या वाइनचा वास लवकर उडून जाईल अशी धास्ती वाटते. त्यापेक्षा बाटलीच्या गळ्यातली थोडी ओतून घेते आणि बाटली तशीच दोन तास उघडी ठेवते.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. कडेला कौलाचा रंग दिसेल. फिकी दिसते म्हणून नाक मुरडू नका, साँजोवेसेचा रंग मुळात गडद नसतोच. ग्लास न हलवता पहिला वास घ्या. भिजक्या पुठ्ठ्याचा आला तर बुचाने घात केलाय, कितीही थांबलात तरी तो जाणार नाही. नाहीतर आधी आंबट चेरी, मग सुकी पानं, तंबाखू, चामडं. चामडं म्हणजे तेल पाजलेल्या जुन्या कोल्हापुरीचं.

घोट छोटा घ्या, तोंडभर फिरवा. आंबटपणाने लाळ सुटते, मागून हिरड्यांवर तुरटपणा येतो. कोवळ्या ब्रुनेल्लोत तो कच्च्या सुपारीसारखा ओरबाडतो. मुरलेलीत पिकलं जांभूळ खाल्ल्यावर राहतो तेवढाच. सोबत पेकोरीनो या मेंढीच्या दुधाच्या चीजचा तुकडा पुरे.

तळाची दोन बोटं बाटलीतच सोडा. आणि पहिल्या घोटावर मत देऊ नका. आमच्या बाटलीतला तंबाखू ग्लासात ओतल्यावर तासाभराने जागा झाला, तोवर पाहुण्यांनी निम्मी संपवली होती.