हौशी कोरकाम: विषय कुठे शोधावा आणि स्वतःची शैली कशी घडते

लाकूड कोरण्याचा छंद नव्याने लागलेल्या माणसाला सुरुवातीचे काही महिने हत्यारांची चिंता असते आणि नंतर विषयांची. पटाशी कशी धरावी, लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, दिशेने ती कशी चालवावी, धार कशी लावावी हे चित्रफिती पाहून आणि सरावाने बऱ्यापैकी जमते. ते जमले की मात्र आता कोरायचे काय आणि आपले काम चारचौघांच्या कामापेक्षा वेगळे कसे दिसणार, हे प्रश्न पुढे येतात. नोकरी सांभाळून, घराच्या गॅलरीत बसून बरीच वर्षे हा छंद केल्यावर माझे मत असे झाले आहे की हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत आणि मोबाइलवर जगभरची कामे चाळत बसून तो सुटत नाही. विषय ओळखीचा घ्यावा, तोच पुन्हा पुन्हा कोरावा आणि लाकूड जिथे अडवते तिथे आपण कोणती वाट काढली याकडे लक्ष ठेवावे. ज्याला आपण शैली म्हणतो ती अशा काढलेल्या वाटांमधूनच हळूहळू जमा होते.

माझा मुख्य विषय बैल आहे, म्हणून त्याच्याच आधाराने सांगतो. माझे बालपण विदर्भातले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे तान्हा पोळा असतो. लहान मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो. नागपुरात ही प्रथा भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे सांगतात. सणाच्या आधी बाजारात मुठीत मावणाऱ्या बैलापासून पोराला दोरीने ओढताना दम लागेल एवढ्या बैलापर्यंत सगळे आकार मांडलेले असतात. ते बैल रंगवलेले असतात, त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष झूल, डोळे आणि गोंडे यांच्याकडे जाते. पण कोरकाम करणाऱ्याने त्यांच्याकडे रंग वगळून पाहावे. पाय जाड आणि सरळ का ठेवले आहेत, शिंगे बहुतेक वेळा वेगळी करून का बसवली आहेत, मान आखूड का आहे, या प्रत्येक गोष्टीला लाकडाच्या रेषेतून आलेले कारण असते.

ते कारण नवख्याने नीट समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. लाकूड रेषेच्या लांबीच्या दिशेने बळकट असते आणि आडव्या दिशेने सहज तुटते. ठोकळ्याची रेषा बैलाच्या नाकाकडून शेपटीकडे ठेवली तर पाठ आणि मान मजबूत होतात, पण चारही पायांत रेषा आडवी पडते आणि पाय बारीक केले की बैल टेबलावरून एकदा पडला तरी पाय गमावतो. रेषा उभी ठेवली तर पाय टिकतात, मग मुस्कट आणि शेपूट धोक्यात येतात. शिंगांची अडचण तर दोन्हीकडे असते, कारण वळणाऱ्या शिंगात रेषा कुठे ना कुठे आडवी येतेच. आता खिल्लार बैलाचा विचार करा. त्याची शिंगे लांब, टोकदार आणि मागे गेलेली असतात, आणि खिल्लारची सारी ऐट तर तिथेच असते. डोके सरळ ठेवून ती कोरायची म्हटले तर शिंगांच्या बुडाशी लाकूड जेमतेम काडीएवढे उरते आणि तेही आडव्या रेषेचे.

यातून बाहेर पडायचे मार्ग मोजकेच आहेत. शिंगे वेगळ्या लाकडाची करून भोक पाडून बसवता येतात, जसे खेळणी करणारे करतात. खिल्लार सोडून डांगी किंवा गवळाऊ घेता येतो. डांगी अंगाने भरलेला आणि आखूड शिंगांचा असल्याने ठोकळ्यात आनंदाने मावतो. मी तिसरा मार्ग धरला. बैल ओझे ओढत आहे, मान पुढे ताणली आहे, मुस्कट किंचित वर आले आहे, असा पवित्रा घेतला की शिंगे पाठीला जवळजवळ समांतर मागे जातात, रेषा त्यांच्या लांबीतून धावते आणि टोके वशिंडाच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवता येतात. पाय रोवलेले असल्याने ते जाड ठेवले तरी खटकत नाहीत. आज माझे बैल पाहून लोक म्हणतात की तुमचे सगळे बैल नांगराला जुंपल्यासारखे दिसतात, आणि त्यात त्यांना माझा काहीतरी विचार दिसतो. विचार आहेच, पण तो आधी लाकडाने केला आणि मी त्याच्या मागून गेलो.

म्हणून नवख्याला माझे पहिले सांगणे असे की एक विषय निवडून त्याच मापाच्या ठोकळ्यात, त्याच लाकडात तो अनेकदा कोरावा. दर वेळी नवा विषय घेतला की दर वेळी नव्या अडचणी येतात, आणि त्या कशाबशा पार करण्यातच शक्ती जाते. विषय तोच असला की तिसऱ्या-चौथ्या खेपेला हात मोकळा होतो आणि मग आवडनिवड दिसू लागते: कोणाला वशिंड फुगवावेसे वाटते, कोणाला गळ्याची पोळी, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी कातडी, लांबवावीशी वाटते, कोणी डोळा कोरतच नाही. विषय मोर असो, वारकरी असो, घरातली मांजर असो. बैलच हवा असे अर्थातच नाही. मात्र तो प्रत्यक्ष पाहता येण्याजोगा असावा. इंटरनेटवरचे बैलाचे छायाचित्र जवळजवळ नेहमी बाजूने काढलेले असते. कोरणाऱ्याला समोरून, मागून आणि विशेषतः वरून काय दिसते हे लागते, कारण ठोकळ्यावर आराखडा उतरवताना बाजूचा आणि वरचा असे किमान दोन आराखडे काढावे लागतात. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात उंचवट्यावर उभे राहून बैलांच्या पाठी पाहिल्या तर खांदे कुठे रुंद होतात, पोट कोणत्या बाजूला झुकते, वशिंड बरोबर मध्यावर असते की कलते, हे घटकाभरात कळते. घरी आल्यावर लगेच लाकडाला हात न लावता शाडूचा हातभर नव्हे, बोटभर नमुना करावा. मातीत चूक पुसता येते आणि न पाहिलेल्या बाजू तिथेच उघड्या पडतात.

प्रेरणेसाठी आणखी कुठे जावे असे विचारणाऱ्यांना मी वाडे आणि संग्रहालये सांगतो, पण पाहायचे कसे हेही सोबत सांगतो. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दरवाजे, चौकटी आणि गणेशपट्ट्या आहेत. विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजू, तिथले सुरूच्या घाटाचे खांब आणि लाकडी सज्जा रस्त्यावरून जाता-येता पाहता येतात. नाशिक जिल्ह्यात चांदवडचा रंगमहाल आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. अशा ठिकाणी माणूस सहसा नक्षीचे छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. त्याऐवजी एखाद्या चौकटीवरच्या एकाच कमळापाशी थांबावे, आणि शक्य असेल तर प्रकाश तिरपा पडत असताना. नीट पाहिले की पाकळीची कड एका खोल उभ्या कापाने बांधलेली दिसते आणि पाकळीचा खोलगट भाग गोल पटाशीच्या एक-दोन फटक्यांत काढलेला दिसतो. सगळ्या पाकळ्या सारख्या रुंदीच्या असतात, कारण कारागिराने बहुतेक सर्व पाकळ्यांना एकच पटाशी वापरलेली असते. मोजमापाचे काम हत्यारानेच केलेले असते. वहीत त्या फुलाचे चित्र काढण्यापेक्षा ते किती कापांत झाले असेल आणि कोणता काप आधी घेतला असेल, हे लिहून ठेवणे जास्त उपयोगी पडते. घरी जाऊन फळीच्या तुकड्यावर तेच कमळ त्याच क्रमाने करून पाहिले की नक्षीची भाषा हातात येते, आणि ती आल्यावर मूळ नक्षी बाजूला ठेवून स्वतःची वाक्ये रचता येतात.

स्रोत लाकडाचाच असावा असेही नाही. केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे धातूचे आहेत, पण एखाद्या वापरण्याच्या वस्तूत पक्ष्याचा आकार कसा बेमालूम बसवला आहे हे पाहायला त्यांच्याइतकी चांगली शाळा नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहिले तर छताला लाकडी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, आणि आजूबाजूच्या दगडात लाकडी बांधकामाचे आकार उतरवलेले आहेत. दगडाला ज्या कमानींची आणि कठड्यांची काहीच गरज नव्हती ते आकार पाथरवटांनी सुतारांकडून घेतले. एका माध्यमातला आकार दुसऱ्यात नेला की तो आपोआप बदलतो, आणि हौशी माणसाने हे बिनदिक्कत करावे. पितळी मोर लाकडात आणताना त्याचा बारीक पाय जाड करावाच लागतो, आणि तिथून तो तुमचा मोर होऊ लागतो. हयात कलाकाराचे काम सरावासाठी हुबेहूब करायलाही हरकत नाही. ते स्वतःचे म्हणून दाखवू नये आणि विकू तर मुळीच नये.

पृष्ठभागाचा निर्णय नवखे लोक सहसा घेतच नाहीत. काम संपले की सवयीने पॉलिश पेपर घासायला बसतात. वास्तविक शैलीचा मोठा भाग इथे ठरतो. स्वीडनचा अक्सेल पेटर्सन, ज्याला त्याच्या गावावरून डोडरहुल्टारेन म्हणत, 1868 ते 1925 या काळातला. त्याने गावातली माणसे आणि जनावरे सुरीच्या सपाट, ठसठशीत कापांत कोरली आणि ते काप तसेच ठेवले. घोटून गुळगुळीत केली असती तर त्या थकलेल्या शेतकऱ्यांतला जीव गेला असता. उलट, झुळझुळीत वस्त्राच्या चुण्या किंवा गणपतीची सोंड अशा कापांत कोरली तर काम अर्धवट राहिल्यासारखे दिसू शकते. मी बैलाच्या अंगावर काप ठेवतो आणि शिंगे तेवढी घासून घेतो. तुम्ही वेगळे ठरवाल, पण ठरवा एवढेच म्हणणे आहे. काप उघडे ठेवायचे असतील तर धारेला पर्याय नाही: तीक्ष्ण पटाशीचा काप चकाकतो, बोथट पटाशी लाकूड चिरडून पांढुरका, केसाळ माग ठेवते आणि मग घासण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अनेकांची गुळगुळीत शैली ही खरे तर न लावलेल्या धारेची शैली असते, असे माझे जरा कडवट निरीक्षण आहे.

लाकडाबद्दल थोडक्यात. शिवण हलके, एकसारख्या पोताचे आणि कमी वाकणारे असल्याने शिकण्यासाठी उत्तम. सावंतवाडीची खेळणी पूर्वापार पांगाऱ्याची होत, ते याहूनही मऊ असते, पण सहज मिळत नाही. आंबा स्वस्त असतो, मात्र त्याला कीड लवकर लागते. साग सगळ्यांना हवा असतो आणि देखणाही असतो. त्यात वाळूतल्यासारखा सिलिका असल्याने तो धार भराभर खातो, म्हणून तो पहिल्या वर्षी नको. पाडलेल्या वाड्यांचा जुना साग वखारीत मिळाला तर त्यावरून आधी लोहचुंबक फिरवावे, कारण आत मोडलेला खिळा असला तर पटाशीच्या धारेत खाच पडते. जवसाचे तेल लावल्यावर चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, पसरून वाळवाव्यात. चुरगळलेल्या तेलकट चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

हत्यारे कमी ठेवण्याचाही शैलीशी संबंध आहे. एक सुरी, एक सपाट पटाशी, दोन वेगवेगळ्या वळणांच्या गोल पटाश्या आणि एक मोगरी एवढ्यावर वर्षभर काम करणाऱ्याच्या कामात आपोआप एक सुसंगती येते, कारण त्याचे सगळे खोलगट भाग त्याच दोन वळणांचे असतात. पंचवीस पटाश्यांचा संच पहिल्याच महिन्यात घेणाऱ्याला दर वेळी योग्य हत्यार शोधायची सवय लागते आणि हाताला वळण लागायला उशीर होतो. संच विकणारे अर्थातच याच्या उलट सांगतील.

काम लोकांना दिसू लागले की फर्माइशी येतात, आणि आपल्याकडे त्या दोनच असतात: गणपती आणि घराच्या नावाची पाटी. नातेवाइकांना नाही म्हणणे अवघड असते, आणि पाट्या कोरताना अक्षरांच्या उभ्या-आडव्या कापांचा फार चांगला सराव होतो, म्हणून सरसकट नकार द्यावा असे मी म्हणणार नाही. पण वर्षभर केवळ फर्माइशी पुऱ्या केल्या तर हात दुसऱ्यांच्या आवडीप्रमाणे वळतो. मी पाट्या पावसाळ्यात घेतो. तेव्हा लाकडात दमट हवा शिरलेली असते आणि बारीक शिंगांचे काम मला तसेही करायचे नसते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पाट्यांना थारा नाही. गणपतीच्या बाबतीत, मागणाऱ्याला आधी विचारतो की माझ्या पद्धतीचा, कापांच्या खुणा ठेवलेला चालेल का. बहुतेकांना मोबाइलवर पाहिलेला गुळगुळीतच हवा असतो, आणि मग मी त्यांना तसे काम करणाऱ्या कारागिराचा पत्ता देतो.