संपलेले सेल आणि उडालेले बल्ब : गाडी येण्याआधी घरात काय करायचं

कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की आमच्या सुदामानगरात घरोघरी डबे बाहेर येतात. 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिलं आलं, तेव्हापासून ओला-सुका हे आम्हाला पाठच झालंय. गाडीत प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घातक कचरा यांचेही वेगळे कप्पे आहेत. तरी टीव्हीखालचा खण उघडून बघा. रिमोटमधून काढलेले सेल, फुगलेली मोबाइलची बॅटरी, माळ्यावर दोन ट्यूबलाइट. गाडी रोज येते, आपण मात्र या वस्तू "नंतर बघू" म्हणून ठेवून देतो आणि दिवाळीच्या आवराआवरीत सगळ्या एकदम सुक्या कचऱ्यात जातात.

म्हणून आधी दोन डबे करा. एक झाकणाची प्लास्टिकची बरणी सेलसाठी, एक पुठ्ठ्याचं खोकं दिव्यांसाठी. बरणी पत्र्याची नको, कारण उरलीसुरली वीज पत्र्यातून वाहू शकते. ती कोरड्या जागी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. स्वयंपाकघरात शेगडीजवळ तर नकोच.

आता सेल. रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळाचे साधे पेन्सिल सेल सरळ बरणीत टाका. सेल फुटून पांढरी पूड आली असेल तर तिला उघडा हात लावू नका, ती त्वचेला जाळते. हातमोजे घालून सेल छोट्या पिशवीत बांधा. रिमोट वाचवायचा असेल तर कापसाच्या बोळ्यावर थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन आतली पट्टी पुसा आणि नीट वाळू द्या. चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. खणात किल्ली किंवा भांडी घासायचा तारेचा काथ्या त्यांना टेकला तर ठिणगी पडते. त्या टोकांवर चिकटपट्टी लावायचीच.

गोल चपट्या बटन सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. वजनकाट्यात, खेळण्यात, गाडीच्या किल्लीत असतो तो हा. लहान मुलानं गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका आतून भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी घरी वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

मोबाइल, पॉवरबँक, रिचार्जेबल टॉर्च यांच्या लिथियम बॅटऱ्या वेगळ्याच ठेवा. दाबल्या, टोचल्या की पेटतात आणि कचरागाडीत सगळंच दाबलं जातं. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, सुईनं "हवा काढायला" तर मुळीच जाऊ नका. टोकांवर टेप लावून ती कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि पहिल्या संधीला देऊन टाका.

इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत टाकायची नाही. आत शिसं आणि पातळ केलेलं गंधकाम्ल असतं. आपण त्याला "पाणी" म्हणतो आणि कोणी कोणी ते मोरीत ओततातही. बॅटरी उभीच ठेवून, झाकणं घट्ट लावून नवी घेताना दुकानदाराला द्या. जुनीचे पैसे वजा होतात, ते बिलावर लिहून घ्या. भंगारवाला चार पैसे जास्त देईल, पण गल्लीत फोडून शिसं वितळवणारे कमी नाहीत आणि तो धूर शेजारच्या पोरांच्या अंगात जातो. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करवण्याची जबाबदारी 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी कंपन्यांवर टाकली आहे. आपलं काम एवढंच, की बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही.

आता दिवे. जुना पिवळा तारेचा बल्ब निरुपद्रवी, कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्या. एलईडीत पारा नसतो, पण आत छोटं सर्किट असतं, म्हणून तो ई-कचरा. मात्र टाकण्याआधी त्याच्यावरची तारीख बघा. बऱ्याच एलईडींना वॉरंटी असते आणि बिल दाखवलं की दुकानदार बदलून देतो. आम्ही निम्मे बल्ब उगाच फेकत होतो.

जपायचं ते सीएफएल आणि ट्यूबलाइटला. दोन्हीत थोडासा पारा असतो. नवी ट्यूब आणली की तिच्या पुठ्ठ्याच्या नळीत जुनी घाला आणि उभी ठेवा. डब्यात मावत नाही म्हणून तोडायची नाही.

आणि फुटलीच तर? मी एकदा सीएफएल फुटल्यावर पंखा सुरू ठेवून सरळ झाडूनं काचा ओढल्या. दोन्ही चुका. पंख्यानं वाफ खोलीभर पसरते आणि झाडूला लागलेला पारा मग घरभर फिरतो. योग्य रीत अशी : मुलांना बाहेर काढा, पंखा-एसी बंद करा, खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोली सोडा. मग हातमोजे घालून जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा करा. बारीक कण चिकटपट्टीनं उचला, फरशी ओल्या कागदानं पुसा आणि सगळं, त्या कागदासकट, काचेच्या बरणीत बंद करा. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका.

बरणी अर्धी भरली की द्यायचा दिवस आला. सेल, सीएफएल आणि ट्यूब घरगुती घातक कचऱ्यात, मोबाइल, चार्जर आणि एलईडी ई-कचऱ्यात. डबा नुसता पुढे करू नका. गाडीवरच्या माणसाला तोंडानं सांगा, "भिया, इसमें सेल हैं, अलग रखना." फुटलेल्या काचेची बरणी असेल तर तेही सांगा, हात त्याचे कापायचे नाहीत. ती बरणी तशीच जाऊ द्या, पण सेलची रिकामी बरणी परत मागून घ्या.