भरती आणि उधाण: बातमी लिहिताना आणि किनाऱ्यावर जाताना या चुका टाळा

पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेले असते: ‘आज समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार.’ हा आकडा बहुतेक वेळा लाटेचा नसतोच. तो भरतीच्या तक्त्यातून उचललेला असतो आणि भरतीचे पाणी कोणत्या पातळीपर्यंत चढेल, एवढेच सांगतो. ही पातळी सागरी नकाशांसाठी ठरवलेल्या आधारपातळीपासून मोजतात. ती आधारपातळी खोल ओहोटीच्या पाण्याच्या आसपास धरलेली असल्यामुळे मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच तिच्यावर सुमारे अडीच मीटर असते. म्हणजे ४.८ मीटरची भरती ही सरासरीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटरच वर असते. लाट उठते ती वाऱ्याने, या पातळीच्या वर, आणि तिची उंची वेगळी सांगावी लागते.

याहून जुना घोळ भरती आणि उधाण या शब्दांचा आहे. भरती आपल्या किनाऱ्यावर रोज दोनदा येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. उधाण मात्र रोजचे नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, चंद्र आणि सूर्य या दोघांची ओढ एकत्र होते आणि त्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही ओढ एकमेकींना काटकोनात पडते आणि भरती बेताची राहते. त्या दिवसांना कोकणात ‘भांग’ म्हणतात. हा नेमका आणि सुंदर शब्द शहरी मराठीतून जवळजवळ गेला, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण भांग माहीत नसेल तर उधाणाचा अर्थही अर्धाच कळतो.

तो अर्धा अर्थ म्हणजे ‘उधाण म्हणजे पाणी वाढणे’. मुंबईत उधाणाची सरासरी भरती सुमारे ४.४ मीटर आणि ओहोटी सुमारे ०.८ मीटर असते, तर भांगाच्या दिवसांत हेच आकडे सुमारे ३.३ आणि १.९ मीटर असतात. म्हणजे उधाणात पाणी जितके चढते, तितकेच खोल उतरतेही. भांगात ते धड चढत नाही आणि धड उतरतही नाही.

याचा अनुभव अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना येतो. ‘ओहोटीला चालत जाता येते’ एवढेच ऐकून निघालेला माणूस अष्टमीच्या दुपारी किनाऱ्यावर पोहोचतो, तक्त्याप्रमाणे ओहोटी असतेही, पण समोरचे पाणी उतरण्याचे नाव घेत नाही, कारण ती भांगाची ओहोटी असते. उलट उधाणाच्या दिवसांत वाट छान उघडी पडते, मात्र त्या दिवसांतली ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते आणि पाणी परतते तेही झपाट्याने, कारण तेवढ्याच सहा तासांत त्याला भांगाच्या अडीचपट उंची चढायची असते. संध्याकाळच्या ओहोटीला किल्ल्यात रेंगाळू नये, ते यासाठीच.

वेळ काढण्याचा पाऊणपटीचा हिशेब किनाऱ्यावर अनेकांना तोंडपाठ असतो: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबई-कोकणापुरता हा अंदाज उत्तम चालतो, परंतु त्यातून फक्त वेळ कळते, पाण्याची पातळी नव्हे, आणि होडी काढायची असेल तर तक्ताच पाहावा. आणखी एक बारकावा सुटतो. सर्वांत मोठे उधाण नेमके पौर्णिमेलाच असेल असे नाही. बहुधा ते एक-दोन दिवसांनी येते.

वाऱ्याने खवळलेल्या समुद्रालाही सर्रास ‘उधाण आले’ म्हणतात. आनंदाला किंवा उत्साहाला उधाण येते, ते भाषेचे वैभव आहे आणि ते तसेच राहावे. पण इशारा देताना समुद्र खवळला असेल तर ‘खवळला’ असेच लिहावे, कारण तो भांगाच्या दिवशीही खवळू शकतो आणि उधाणाच्या दिवशी निवांत असू शकतो.

उधाण नाही म्हणून निर्धास्त राहणे, ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पौर्णिमा पाच दिवस आधी होऊन गेली होती आणि अमावास्या अजून लांब होती. तरीही त्या दुपारची भरती पावसाच्या ऐन जोरात आली आणि समुद्राकडे निघालेल्या पाण्याची वाट तिने नद्या-नाल्यांच्या मुखाशीच अडवली.