इंद्रधनुष्य नेमकं कुठे शोधायचं

ऊन-पाऊस एकदम आला की सगळे आभाळभर नजर फिरवतात. मी आधी खाली बघते, माझ्या डोक्याची सावली कुठे पडलीय ते. सूर्याकडे पाठ करून उभं राहिलं की ती सावली जिथे, तिथेच इंद्रधनुष्याचा मध्य. कमान त्याच्यापासून ४२ अंशांवर. मोजायला आपली वीत पुरते: हात ताठ समोर धरून वीत ताणली की साधारण २० अंश होतात. सावलीच्या डोक्यापासून दोन विती वर किंवा बाजूला मोजा. तिथे पाऊस पडत असेल आणि त्यावर ऊन असेल, तर रंग दिसणारच.

सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर आभाळात शोधूच नका. सूर्य फार वर आहे, कमान क्षितिजाखाली गेली. मग पाण्याचा पाइप घ्या, तोंड अंगठ्याने दाबून बारीक तुषार उडवा आणि तेच माप लावा. भर दुपारीही पायाशी इंद्रधनुष्य उमटतं. जमलं तर मागे काळोखी भिंत किंवा झाडी ठेवा, रंग उठून दिसतात.

आता एकच थेंब डोळ्यांसमोर आणा. उजेड आत शिरताना वळतो, मागच्या बाजूने परततो, बाहेर पडताना पुन्हा वळतो. बाहेर येणारे किरण ४२ अंशांच्या आसपास दाटीने जमतात. फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्तने १६३७ साली एकेका किरणाचं गणित करून हे दाखवलं. लाल ४२ अंशांवर, जांभळा साधारण ४० वर. पण एका थेंबाचा एका वेळी एकच रंग आपल्या डोळ्यात येतो. पडता पडता तो आधी लाल देतो, मग पिवळा, हिरवा, शेवटी जांभळा, आणि त्याची जागा वरचा थेंब घेतो. हे कळलं त्या दिवशी मी पाऊस थांबेपर्यंत खिडकीतून हलले नाही.

दुसरी कमान हवी असेल तर अजून अर्धी वीत बाहेर बघा. फिकी असते, रंग उलटे, लाल आतल्या बाजूला. दोन्हींच्या मधलं आभाळ जरा काळपट दिसतं.

पाइप हातात असेल तेव्हा माझ्या भाचीला जे करायला लावते ते तुम्हीही करा: एक डोळा मिटा, मग दुसरा. जवळच्या तुषारांतली कमान चक्क बाजूला सरकते, कारण प्रत्येक डोळ्याला वेगळे थेंब रंग पाठवत असतात.